कोसमडोंगरीची उतरण

परसरामजी कापगते यांनी आयुष्यभर आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं. लग्नपत्रिकांना दिलं, ग्रंथालयाच्या वर्गणीदारांच्या तक्रारींना दिलं, एकदा तर चुकून त्यांच्या पत्त्यावर आलेल्या दुसऱ्याच कुणा कापगत्यांच्या पत्रालाही दिलं. उत्तर राहिलं ते एकाच पत्राचं, आणि नेमकं तेच त्यांना पाठ होतं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारी सरता सरता ते आलं होतं. वहीचा दुहेरी कागद, निळी शाई, सरळ अक्षर. लिहिणारी बिरसीची राखी रहांगडाले. तिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

‘आदरणीय सर, तुमच्या पुस्तिकेतली बारावी वाट आम्ही आठ जणींनी केली. सासूबाई मंदाबाई सोबत होत्या. त्यांचं वय बासष्ट. लग्न, मयत आणि शेत सोडून त्या कुठे गेल्या नव्हत्या, म्हणून मीच हट्टानं नेलं. चढण तुम्ही लिहिली तशीच निघाली. वर डबे खाल्ले, सासूबाईंनी गाणंसुद्धा म्हटलं. उतरण तुम्ही वीस मिनिटांची लिहिली आहे. आम्हाला दोन तास लागले. पाल्याखाली दगड ओला होता, त्यावरून सासूबाई घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. खाली पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. आता त्या वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. सगळे म्हणतात, राखीनं नेलं. मीही तेच म्हणते. एकच विचारायचं होतं. तुम्ही ती उतरण उतरलात तेव्हा तुम्हाला किती वेळ लागला होता? आमची चूक कुठे झाली ते कळलं तर बरं वाटेल. रागावून लिहीत नाही.’

हे शेवटचं वाक्य परसरामजींना सगळ्यात जास्त लागलं. ती रागावली असती तर त्यांना काही तरी लिहिता आलं असतं.

प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तरही साधं होतं. ते ती उतरण उतरलेच नव्हते.

ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर परसरामजींना साखरेचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पुस्तकातला माणूस, तो चालायला लागला तोही पुस्तकातल्यासारखाच. खिशात घड्याळ, वहीत नोंदी. आधी आपल्या मुर्री गावच्या शिवारात, मग तलावाच्या पाळीवर, मग सालेकशाकडच्या टेकड्यांवर. स्वभाव मुळात भित्रा. पण भिणाऱ्यांसाठी भिणाऱ्यानंच लिहावं असं त्यांना वाटलं, आणि त्यातून ‘नवख्यांच्या वाटा’ ही चाळीस पानांची पुस्तिका झाली. ज्यांनी कधी टेकडी चढली नाही अशा लोकांसाठी हिवाळ्यातल्या बारा सोप्या वाटा. पाणी कुठे मिळेल, गुडघे कुठे बोलायला लागतील, किती वाजता मागे फिरायचंच, सगळं त्यात होतं. वेळ मोजताना ते मुद्दाम कुंदाबाईंना, म्हणजे बायकोला, सोबत घेत. ती जिथे दमेल तिथे वाचकही दमेल, हा हिशेब. पहिल्या पानावर त्यांनी जरा अभिमानानंच लिहिलं होतं : ‘या पुस्तिकेतली प्रत्येक वाट मी स्वतः चाललो आहे.’

अकरा वाटांपुरतं ते खरं होतं.

बाराव्या वाटेला, कोसमडोंगरीला, कुंदाबाई आल्या नव्हत्या. सोबत होता डोंगराखालच्या कोसमटोल्याचा शेतकरी केवलराम. चढण छान झाली. पण माथ्यावरून पलीकडे उतरायची वेळ आली तेव्हा परसरामजींनी खाली पाहिलं. बांबूच्या बेटांमधून वाट एकदम खाली गेलेली, मधे काळे कातळ, आणि शेवटी दूर पिपरटोल्याची कौलं. त्यांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. केवलराम दोन पावलं उतरूनही गेला होता. परसरामजींनी उगाच घड्याळ पाहिलं, ‘उशीर होतो’ म्हणाले, आणि आल्या वाटेनं परतले. परतताना सहज विचारल्यासारखं विचारलं, तिकडून उतरायला किती वेळ लागतो. केवलराम म्हणाला, “मले पाव घंटा.” त्यांनी सावधगिरी म्हणून त्यात पाच मिनिटं घातली आणि लिहिलं : ‘उतरण सोपी, वीस मिनिटे. खाली पिपरटोल्याहून चारची बस मिळते.’

कापगते म्हणजे तलाव बांधणाऱ्यांचं घराणं. परसरामजींचे वडील पाळ पक्की आहे की नाही हे कुणाला विचारून सांगत नसत. तलाव भरला की या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत जात, तळव्याला ओल लागते का ते बघत, आणि मगच गावाला झोपायला सांगत. त्या माणसाच्या मुलानं अर्ध्या वाटेवरून परतून खालची अर्धी दुसऱ्याच्या तोंडावरून लिहिली होती, आणि वर स्वतः चाललो म्हणून सही केली होती.

उत्तर लिहायला ते बसले नाहीत असं नाही. पहिल्या मसुद्यात त्यांनी लिहिलं, ‘स्थानिक माहितगारांच्या सांगण्यानुसार...’, आणि केवलरामच्या अंगावर ढकलतो आहोत हे लक्षात येताच फाडला. दुसरा तीन पानी झाला. त्यात सहानुभूती होती, हाडांसाठी काय खावं तेही होतं, उत्तर मात्र नव्हतं. तिसऱ्यात ‘निसर्ग लहरी असतो’ असं एक वाक्य उतरलं. ते वाचून त्यांना स्वतःचीच किळस आली. मग होळी आली, उन्हाळा आला. पुढे तर ‘इतक्या उशिरा कसं लिहायचं’ हेच न लिहिण्याचं कारण झालं, आणि हे कारण रोज थोडं थोडं मोठं होत गेलं.

यंदा डिसेंबर लागला आणि वीरेंद्र आला. वीरेंद्रचा गोंदियात छापखाना. चालणाऱ्यांच्या मंडळाचा सचिवही तोच. पुस्तिका त्यानंच काढली होती.

“सर, कॉपी सब खतम,” खुर्चीत बसता बसता तो म्हणाला. “शाळावाले मागून रायले, बँकेचे रिटायर लोकं मागून रायले. दुसरी आवृत्ती टाकतो. तुमी फक्त एकदा नजर घाला.”

परसरामजींनी कपात बघत विचारलं, “बारावी वाट काढू या का?”

“काऊन?”

“जरा अवघड आहे.”

“तुमीच तं सोपी लिवली.” वीरेंद्र हसला. “तेच तं पब्लिकले आवडते, सर. इकडून चढाचं, तिकडून उतराचं, खाली बस. आल्या वाटेनं परत याले लोकं बोर होतात.”

“तपासून सांगतो.”

“तपासा. पण तुमचं लिवणं म्हणजे पत्थर की लकीर. आमच्या मंडळात तं म्हणतात, कापगते सरनं लिवलं हाय ना, मंग बिनधास्त सासूले घेऊन जा.”

तो आपल्याच बोलण्यावर हसला. परसरामजींनी अर्धा कप तसाच बशीत ठेवून दिला.

वीरेंद्रची गाडी गल्लीच्या बाहेर गेली तेव्हा कुंदाबाई पडवीत सुपात नवे तांदूळ निवडत होत्या. खडे टाकता टाकताच म्हणाल्या, “त्याले सांगतलं काऊन नाही?”

“काय?”

“तुमी तिकडून उतरलेच नव्हते ते.”

परसरामजी दारातच थांबले. “तुला कसं माहीत?”

“तुमीच सांगतलं. त्याच दिवशी. पाय थरथरले म्हणले, परत आलो म्हणले. मी हसली नव्हती का?”

सांगितलं होतं खरं. ते विसरले होते. की विसरायचं ठरवलं होतं, कोण जाणे. “मग पुस्तिका छापली तेव्हा तू काही बोलली का नाहीस? पहिल्या पानावर काय लिहिलं होतं, तू वाचलं होतंस.”

कुंदाबाईंनी सूप मांडीवर टेकवलं. “मले वाटलं, पुस्तकात असंच लिवत असतील.”

टोमणा म्हणून त्या बोलल्या नव्हत्या, आणि म्हणूनच ते जास्त बसलं. छत्तीस वर्षं परसरामजींनी लोकांच्या हातात पुस्तकं दिली होती. ‘छापलेलं खोटं नसतं’ असं पोरांना सांगितलं होतं. आणि घरातली एकुलती एक बाई त्यांच्याच पुस्तकामुळे, पुस्तकात खोटंही लिहितात, असं समजून बसली होती.

ते आत गेले, कपाटातून राखीचं पत्र आणलं आणि सुपावर ठेवलं. कुंदाबाईंनी ओळीखाली बोट सरकवत ते सावकाश वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“दोन वर्षं झाले याले.”

“हो.”

“दोन वर्षापासून ते पोरगी घरात आयकून रायली असन. उठता बसता. सासूचा वॉकर वाजला की आयकत असन.” त्यांनी पत्र नीट घडी घालून परत दिलं. “आन तुमी इथं शाई सुकवत बसले.”

“आजच लिहितो.”

“आज कायले? पहिले जा आन उतरा तिकडून. नाहीतं आता बी अंदाजानंच लिवाल.”

मंगळवारी परसरामजी सकाळच्या गाडीनं सालेकशाला उतरले आणि ऑटोनं कोसमटोल्याला गेले. केवलराम खळ्यावर होता. धानाच्या पेंड्या रचून झाल्या होत्या, मळणीयंत्र दुपारनंतर येणार होतं. परसरामजींनी सांगितलेलं ऐकून तो त्यांच्याकडे खालीवर बघत राहिला.

“आता उतरता? तेव्हा तं पाय कापत होते. आता तं आणखी बुढे झाले तुमी.”

“तरी उतरायचं आहे.”

“घरून भांडून तं नाही आले?” असं म्हणून त्यानं कोयता घेतला, वाटेत एक बांबू तोडून त्यांना काठी करून दिली, आणि पुढे चालू लागला.

चढण पुस्तिकेत होती तशीच होती. मोहाच्या तीन झाडांपाशी बसायची जागा, तिथून डावीकडे वळण, माथ्याला एक तास. परसरामजींनी स्वतःचीच वाक्यं पायाखाली तपासली आणि ती खरी निघाली, याचंही त्यांना बरं वाटलं नाही. इतकं खरं लिहिलं होतं म्हणूनच तर लोकांनी पुढचं मानलं.

माथ्यावर ऊन होतं. एक वाजून वीस मिनिटांनी त्यांनी पलीकडे पाऊल टाकलं आणि चार पावलांत ऊन संपलं. ही डोंगराची उत्तरेकडची बाजू. दुपार झाली तरी पानांवरचं दव तसंच होतं. घोट्यापर्यंत पाला, पाल्याखाली सुटे गोल दगड, आणि जिथे दगड नाहीत तिथे शेवाळलेला कातळ. पहिल्या कातळावर ते बसले आणि बसूनच सरकत उतरले. विजार मागून ओली झाली. दुसऱ्या कातळावर केवलरामनं त्यांचा पाय हातानं धरून खाचेत ठेवला, लहान मुलाचा ठेवावा तसा. प्रत्येक वेळी केवलराम पुढे जाऊन बिडी काढून बसे, आणि परसरामजी पोचेपर्यंत ती विझलेली असे.

एका ठिकाणी श्वास घेताना त्यांनी विचारलं, “दोन वर्षांमागं इथं एक बाई पडली होती ना?”

“इथं नाई. आणखी खाली. दाखवतो.” केवलराम म्हणाला. “बायायनं लुगड्याची झोळी केली होती. मंग पिपरटोल्याच्या लोकायले आवाज गेला, त्यायनं बाज आनली. तुमचं पुस्तक होतं म्हणे त्यायच्याजवळ. मी मनलो, असं कसं, मास्तर तं वरूनच फिरले होते.”

“कोणाला म्हणालास?”

“पारावर. सारेच होते.”

म्हणजे कोसमटोल्याला माहीत होतं, पिपरटोल्यालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त पुस्तिका विकत घेणाऱ्यांना. परसरामजींचे कान तापले, आणि त्या तापातच तोंडून निघून गेलं, “पाव तास तूच सांगितला होतास.”

बोलल्याक्षणी त्यांना जीभ चावावीशी वाटली. दोन वर्षांपूर्वी फाडलेला पहिला मसुदा जसाच्या तसा तोंडातून बाहेर पडला होता.

केवलराम चिडला नाही. “माझा पाव घंटा सांगतला. तुमचा मले काय मालूम? आन तो बी बैसाखातला. आमी इकडं तेंदूचे पानं तोडाले येतो, तेव्हा गोटा तव्यासारखा कोरडा रायते. हिवाळ्यात इकडं कोण येते, मास्तर? धान कापाचा का डोंगर उतराचा? मी बी आज पहिल्यांदाच उतरून रायलो या दिवसात.”

परसरामजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. हिवाळ्यात चालायची वाट त्यांनी अशा माणसाला विचारली होती, ज्यानं ती हिवाळ्यात कधी पाहिलीच नव्हती. पाहणार तरी कशी? या दिवसांत दोन्ही गावं खळ्यावर असतात. अख्ख्या पंचक्रोशीत कुणाला विचारलं असतं तरी वैशाखातलंच उत्तर मिळालं असतं. ते कळायला इथून एकदा उतरावं लागत होतं, आणि ती संधी त्यांना माथ्यावर उभं असताना मिळाली होती. त्यांनी तेव्हा घड्याळ पाहिलं होतं.

पुढे एक तिरपा कातळ लागला. खळ्याएवढा रुंद, पाल्यानं झाकलेला. “इथं,” केवलराम म्हणाला.

तिथं काहीच नव्हतं. खालून कुठून तरी मळणीयंत्राचा आवाज येत होता. परसरामजींनी काठीनं पाला बाजूला केला. खाली दगड काळा, ओला. त्यांनी वाकून त्यावर तळवा ठेवला आणि तो गार पडेपर्यंत ठेवला. मग ते बसून, घसटत, तो कातळ उतरले.

पिपरटोल्याच्या पहिल्या घराशी पोचले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. एक तास पन्नास मिनिटं. त्यांनी वहीत लिहिलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वीरेंद्रला फोन लावला. फोनवर बोलायचं म्हणजे त्यांना नेहमीच घाम फुटे. म्हणून त्यांनी वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं होतं, ते वाचून दाखवलं. “वीरेंद्र, पहिल्या पानावरचं वाक्य खोटं आहे. बारावी वाट मी पूर्ण चाललो नव्हतो. ती काढायची, आणि ज्यांच्याकडे पहिली आवृत्ती आहे त्यांना कळवायचं.”

वीरेंद्र छापखान्याच्या खडखडाटावरून ओरडून म्हणाला, “सर, एका वाटेसाठी एवढं कायले? कोण विचारून रायलं?”

“एकीनं विचारलं आहे.”

“मंडळाच्या ग्रुपवर टाकतो मंग, की वाट बंद हाय. वनखात्याचं काही तरी सांगून देतो. तुमचं नाव कायले खराब कराचं?”

मोह झाला. क्षणभरच, पण झाला. “नाही,” ते म्हणाले, आणि पुढचं कागदावर नसल्यामुळे अडखळले. “माझं... माझ्या नावानंच टाक. मी उतरलो नव्हतो, असंच.”

मग ते पत्राला बसले. या वेळी उत्तर पहिल्या ओळीत लिहिलं.

‘सौ. राखीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की मी ती उतरण उतरलोच नव्हतो. माथ्यावर मला भीती वाटली आणि मी परत फिरलो. वीस मिनिटं हा आकडा मी दुसऱ्याला विचारून लिहिला, आणि तो उन्हाळ्यातला होता. काल मी पहिल्यांदा उतरलो. हातात काठी, सोबत डोंगराच्या सवयीचा माणूस, तरी मला एक तास पन्नास मिनिटं लागली. तुम्हा आठ जणींना दोन तास लागले ते बरोबरच होतं. तुमची चूक कुठेच झाली नाही. तुम्ही माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवून सासूबाईंना नेलंत. ती वाट सोपी असल्याचं मी लिहिलं नसतं तर तुम्ही त्यांना नेलं नसतं. हे पत्र घरी सगळ्यांना वाचून दाखवा, मंदाबाईंनाही. त्यांच्या पडण्याचा दोष माझा आहे. उत्तराला दोन वर्षं लागली याला भित्रेपणाखेरीज कारण नाही.’

शेवटी त्यांनी ‘क्षमा करावी’ असं लिहिलं. मग वाटलं, दोन वर्षांनी पत्र पाठवून तिच्यावर हे आणखी एक काम टाकायचं. ते दोन शब्द त्यांनी खोडले आणि सगळं पत्र पुन्हा स्वच्छ कागदावर उतरवलं.

कुंदाबाईंनी वाचलं. “मोठं नाही,” त्या म्हणाल्या. “बरं झालं.”

पोस्टात गर्दी होती. परसरामजींना साध्या पेटीत टाकायचा धीर झाला नाही. पेटीतली पत्रं हरवतात, आणि हरवलं तर आपल्याला बरंच वाटेल, हे त्यांना स्वतःबद्दल ठाऊक होतं. ते स्पीड पोस्टच्या रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या मुलीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

“आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव नाही याच्यावर.”

“आत आहे.”

“आतलं मले कसं दिसन? बाहेर लिवा. पूरा नाव, पत्ता आन मोबाईल नंबर.”

नंबर दिला म्हणजे ती फोन करू शकेल. किंवा तिचा नवरा करेल, किंवा खुद्द मंदाबाई. कुणाचा आवाज कसा येईल, आपल्याला काय म्हणेल, हे सगळं परसरामजींच्या मनात त्या खिडकीसमोर येऊन गेलं. मागून कुणी तरी ‘जल्दी करो काका’ म्हणालं. त्यांनी पाकीट खिडकीच्या फळीवर ठेवलं, नाव लिहिलं, मुर्रीचा पत्ता लिहिला, आणि दहाही आकडे ठळक लिहिले.

मुलीनं पाकीट वजनकाट्यावर टाकलं, चिठ्ठी चिकटवली, आणि न पाहताच मागच्या पोत्यात फेकलं.

“झालं, आजोबा. बाजूले व्हा, मागं लाईन हाय.”

परसरामजी बाजूला झाले.